आमची वाटचाल : तराजूवर हलकी, हातात जड

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या वडिलांनी पॅटर्न शॉप सुरू केले, तेव्हा या गल्लीत ऑइल इंजिनांची आणि त्यांना लागणाऱ्या ओतीव भागांची कामे दिवसरात्र चालत. फाउंड्रीला वाळूत साचा उठवण्यासाठी जो लाकडी नमुना लागतो, तो घडवणे हा आमचा मूळ धंदा. बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तेवढी वाढीव असते. नमुना वाळूतून न अडकता निघावा म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला थोडा उतार द्यावा लागतो. आणि हे सारे सागवानात, पटाशी-रंध्याने, अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसवावे लागते. वक्र आकार नुसत्या बोटांनी तपासण्याची सवय आम्हाला या कामाने लावली. पुढे रायफलीचे दस्ते, म्हणजे रायफल धरायचा आणि खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, करताना जी काही पुंजी आमच्याजवळ होती, ती एवढीच. बंदुकीविषयी आमच्या घरात कोणालाही काहीही माहीत नव्हते.

ऑगस्ट २०१० मध्ये तेजस्विनी सावंत यांनी म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या, प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला, आणि त्या आमच्या कोल्हापूरच्या. माझी पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका, तिने ती बातमी वर्गात मुलींना वाचून दाखवली आणि त्याच आठवड्यात मला म्हणाली, "अहो, मला एकदा रेंजवर जाऊन बघायचंय." तेव्हा तिचे वय ३८ होते आणि उंची बरोबर पाच फूट. मी तिला सोबत म्हणून गेलो आणि बाकावर बसून राहिलो, पण पॅटर्नमेकरची नजर बाकावर बसली तरी मोजमाप थांबवत नाही.

शिकाऊ लोकांसाठी तेथे स्प्रिंगची एअर रायफल होती, वजन साडेतीन किलो. ट्रिगरपासून (चापापासून) बटच्या, म्हणजे दस्त्याच्या खांद्याकडील भागाच्या, टोकापर्यंतचे अंतर ३६ सेंटीमीटर भरत होते. हे माप एखाद्या उंच पुरुषाला साजेसे आहे. माझ्या पत्नीने ती खांद्याला लावली की तिचा उजवा हात पूर्ण ताणला जाई, मान पुढे निघे आणि नळीचा भार तोलण्यासाठी कंबरेतून ती मागे झुके. अर्ध्या तासाने तिचा डावा खांदा भरून आला. याहून वाईट गोष्ट मला तिसऱ्या दिवशी दिसली : चाप ओढण्याच्या क्षणी तिचे डोळे मिटत होते. धक्का सोसण्यासारखा होता, परंतु तो येणार हे शरीराला कळले होते आणि शरीर त्याच्या आधीच दचकत होते. ही सवय एकदा अंगी मुरली की ती मोडायला महिने लागतात. नवख्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी चुकीच्या मापाची रायफल देणे हा मी आजही त्याच्यावर केलेला अन्याय मानतो, आणि हा अन्याय बहुतेक वेळा स्त्रियांच्या आणि लहान मुलांच्याच वाट्याला येतो, कारण उपलब्ध दस्ते त्यांच्या मापाचे नसतात.

म्हणून मी पत्नीसाठी स्वतंत्र रायफल विकत घेतली आणि तिचा दस्ता नव्याने करायला घेतला. माझा विचार सरळ होता : जड वाटते तर हलकी करावी. शिवणचे लाकूड निवडले, कारण ते सागापेक्षा हलके असून वाळल्यावर फारसे वाकत नाही. बट चार-साडेचार सेंटीमीटर आखूड केला आणि आतून पोखरला, कारण पोखरलेली जागा बटच्या टोकावरील पट्टीखाली, म्हणजे बटप्लेटखाली, सहज झाकली जाते. साडेतीन किलोची रायफल दोन किलो नऊशे ग्रॅमवर आली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पत्नीने ती उचलली, दहा छर्रे मारले आणि खाली ठेवून म्हणाली, "ही आधीच्यापेक्षा जड आहे."

मी रायफल दुकानात आणून तराजूवर पुन्हा तोलली. वजन तेच होते. तेव्हा आमच्या ज्येष्ठ मिस्त्रींनी ती एका आडव्या पट्टीच्या धारेवर आडवी ठेवून समतोल कोठे साधतो ते पाहिले. समतोलाचा बिंदू मूळ जागेपासून सहा-सात सेंटीमीटर पुढे सरकला होता. मी सारे लाकूड मागून काढले होते आणि नळी, तिच्याभोवतीचे लोखंड, पुढचा जाड भाग तसाच ठेवला होता; परिणामी रायफल तराजूवर हलकी आणि डाव्या हातावर जड झाली होती. मिस्त्रींनी शिशाचा २०० ग्रॅमचा तुकडा फडक्यात गुंडाळून बटला बांधला आणि मला सांगितले की वहिनींना काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी रेंजवर पत्नी आपण होऊन म्हणाली, "आज हलकी वाटतेय, काय काढलंत?" आम्ही काढले काहीच नव्हते, उलट घातले होते. आमच्या पुढच्या साऱ्या कामाचा पाया या एका वाक्यात आहे, असे मी मानतो.

धक्क्याची गोष्ट मात्र शिशाने सुटणारी नव्हती, आणि येथे मला पदार्थविज्ञान पुन्हा उघडावे लागले. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढताच जड पिस्टन जोराने पुढे धावतो, त्यामुळे रायफल मागे येते. पिस्टन नळकांड्याच्या टोकाला थडकून थांबला की ती पुढे झटका खाते. आणि या दोन्ही हालचाली छर्रा नळीतच असताना सुरू झालेल्या असतात. रायफल जितकी हलकी, तितकी ती अधिक हलणार. मी सहाशे ग्रॅम कमी केल्यामुळे तोच पिस्टन तिला सुमारे वीस टक्के अधिक वेगाने मागे ढकलत होता. हलकेपणा आणि कमी धक्का या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. दोन्ही हव्या असतील तर धक्क्याचे मूळच बदलावे लागते.

ते मूळ बदलण्याचा मार्ग म्हणजे दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल. तिच्यात धावणारा जड पिस्टन नसतो. सुमारे २०० बार दाबापर्यंत भरलेल्या सिलिंडरमधून मोजकी हवा सुटते आणि छर्रा निघतो. दहा मीटर प्रकारातील ४.५ मिलिमीटरचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने जातो. चार किलोची रायफल त्यामुळे सेकंदाला जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर वेगाने मागे सरकते, आणि खांद्याला ते जाणवतही नाही. नव्या आयात रायफलीची किंमत लाखांच्या घरात होती, ती आम्हाला झेपणारी नव्हती. खेळ सोडणाऱ्या एका नेमबाजाची जुनी रायफल आम्ही हप्त्याने घेतली. तिचे वजन ४.६ किलो होते. यावेळी लाकूड पुढून काढले, बट भरीव ठेवला, आणि वजन ३.९ किलोवर आणताना समतोल पत्नीच्या डाव्या तळहाताच्या किंचित मागे आणला.

वजनाविषयी एक गैरसमज मला आजही वारंवार दूर करावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मीटर एअर रायफलीसाठी साडेपाच किलोची मर्यादा आहे आणि नामवंत नेमबाजांच्या रायफली बऱ्याच जड असतात, म्हणून पालक आपल्या बारा वर्षांच्या मुलीलाही तशीच रायफल मागतात. ती मर्यादा कमाल आहे, किमान नव्हे. कमावलेल्या शरीराला जड रायफल स्थिर राखता येते हे खरे. न कमावलेल्या शरीराला ती वाकवते. आमच्या दस्त्यात पुढे आणि मागे वजने बसवण्याच्या खोबणी ठेवलेल्या असतात, आणि ५०-५० ग्रॅमने वजन वाढवायचे की नाही, हे सहा महिन्यांनी प्रशिक्षकाने ठरवावे, अशी आमची विनंती असते.

मूठ घडवणे हे मला सर्वांत आवडलेले काम होते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पत्नीचा तळहात लहान, बोटे आखूड. मूळ मुठीवर तिचे तर्जनीचे टोक ट्रिगरवर पोहोचण्यासाठी मनगट वळवावे लागे, आणि वळलेले मनगट चाप सरळ मागे ओढू शकत नाही. आम्ही मूठ बारीक करून तिच्यावर मऊ पुट्टीचा थर दिला, पत्नीने ती नेहमीप्रमाणे धरली आणि पाच मिनिटे तशीच धरून ठेवली. त्या ठशावरून मिस्त्रींनी लाकडात मूठ कोरली. कोरताना ते दर थोड्या वेळाने डोळे मिटून अंगठा फिरवत, जसा पॅटर्नच्या गोलाईवरून फिरवतात. चार मुठी वाया गेल्या. पाचवी पत्नीने हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

मिटणाऱ्या डोळ्यांवर तिने स्वतः उपाय केला. महिनाभर ती घरी रोज संध्याकाळी, रायफलीत छर्रा नाही याची दोनदा खात्री करून, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर नुसता ड्राय फायरचा, म्हणजे रिकामा चाप ओढण्याचा, सराव करत असे. त्या काळात तिने एक वही सुरू केली : बटची लांबी, गालाच्या टेकणीची उंची, बटप्लेटचा कोन, त्या दिवशी काय दुखले. आमच्या धंद्याचे खरे दप्तर म्हणजे ती वही होय.

रेंजवरच्या दोन मुलींच्या पालकांनी तो दस्ता पाहिला आणि तसाच मागितला. त्या दोन दस्त्यांतून सहा झाले, आणि त्यानंतरच्या जुलैमध्ये सहाही दस्ते परत आले. कोल्हापूरच्या पावसात लाकडाने ओल घेतली, ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगले, आणि धातूचा भाग जखडणाऱ्या स्क्रूंचा ताण बदलला. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेथे एवढा फरक पुरेसा आहे. मी सहाही जणांची माफी मागितली आणि दस्ते विनामूल्य नव्याने करून दिले. त्यासाठी मी मिरजेला गेलो. तेथील तंतुवाद्यांचे कारागीर पिढ्यान्पिढ्या लाकूड वाळवण्याचे आणि पोखरण्याचे काम करीत आले आहेत, आणि लाकडाला घाई चालत नाही हे त्यांच्या माळ्यावर रचलेले ओंडके पाहूनच मला पटले. तेव्हापासून आम्ही ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत फळीला हात लावत नाही, दस्त्याची आतली बाजूही बाहेरच्या इतकीच पक्की बंद करतो, आणि स्क्रू जेथून जातात तेथे अ‍ॅल्युमिनियमचे पोकळ खांब इपॉक्सीत बसवतो, म्हणजे ताण लाकडावर न येता धातूवर येतो. हे खांब आणि पुढे बटची सरकती चौकट आमच्याच जुन्या गिऱ्हाइकाच्या फाउंड्रीत ओतली जाते. ज्यांच्यासाठी आम्ही पॅटर्न केले, त्यांच्याकडून आता आम्ही ओतकाम घेतो.

ही सरकती चौकट मुलांसाठी आली. दहा वर्षांची मुलगी चौदाची होईपर्यंत तिची बाही जशी आखूड होते तसाच दस्ताही आखूड होतो, आणि दरवर्षी नवा दस्ता कोणत्याही सामान्य घराला परवडणार नाही. आमच्या चौकटीत पाच-पाच मिलिमीटरच्या चकत्या घालून लांबी २७ पासून ३३ सेंटीमीटरपर्यंत वाढवता येते.

कायद्याबाबत आम्ही पहिल्यापासून काटेकोर आहोत. नळीचा व्यास ०.१७७ इंच आणि शक्ती २० ज्यूल यांच्या आतील एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. आमचे बहुतांश काम त्याच मर्यादेत आहे. पॉइंट टू-टू (०.२२ इंच) किंवा अन्य परवान्याच्या रायफलीसाठी कोणी दस्ता मागितला तर आम्ही केवळ लाकूडकाम करतो आणि धातूचा भाग बसवण्याचे काम परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडेच होते. नळी, स्प्रिंग, हवेचा दाब यांना आम्ही कधीही हात लावत नाही. शक्ती वाढवून देण्याची मागणी करणाऱ्यांना आम्ही दारातूनच परत पाठवले आहे, आणि अशी मागणी वर्षाकाठी येतेच.

मधल्या काळात पॅटर्नचा धंदा संगणकी यंत्रांकडे गेला. आमच्याकडे सीएनसी राउटर आहे, तो दस्त्याचे ढोबळ रूप कापतो. मूठ आणि गालाची टेकण अजूनही हातानेच होते. पत्नीने शाळेतून निवृत्ती घेतली आणि आता मापे तीच घेते. गालाजवळ, खांद्याजवळ पट्टी धरायची असते, तेव्हा मुलींना आणि बायकांना तिच्याशी मोकळेपणाने बोलता येते. दुखते कोठे, हे त्या मला कधीच सांगत नव्हत्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले, आणि त्यानंतर आमच्याकडे भुदरगड, आजरा, कागल अशा तालुक्यांतून विचारणा होऊ लागली. पत्नी आलेल्या प्रत्येकाला आधी महिनाभर रेंजवर जाऊन यायला सांगते आणि मगच माप घेते, कारण पहिल्या महिन्यात उभे राहण्याची ढब रोज बदलत असते.

सध्या बाकावर एका डावखुऱ्या मुलीचा दस्ता आहे. तिला आजवर उजव्या हाताच्या रायफलीवर शिकवले गेले आणि ती उजव्या डोळ्याने नेम धरते, पण पत्नीने दोन्ही डोळे उघडे ठेवून तिला दूरच्या खिळ्याकडे बोट दाखवायला लावले तेव्हा बोट डाव्या डोळ्याच्या रेषेत होते. वहीत तिच्या नावापुढे बटची लांबी २९ सेंटीमीटर अशी नोंद आहे. शिवणची फळी अजून १४ टक्के ओलाव्यावर आहे. ती दिवाळीपर्यंत माळ्यावरच राहील.