रात्रीची युरो, पहाटेची कोपा

२०२१ च्या जून-जुलैत आमच्या घरात एकाच वेळी फुटबॉलच्या दोन स्पर्धा चालू होत्या, युरोपातल्या देशांची युरो आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांची कोपा अमेरिका. युरोचे सामने रात्री साडेनऊला नाहीतर साडेबाराला, कोपा अमेरिकेचे बहुतेक पहाटे अडीचला नाहीतर साडेपाचला. युरोसाठी जागायचं, कोपासाठी उठायचं. दोन्हींतला फरक आईला विचारा. रात्री दोन वाजता टीव्हीचा उजेड दिसला की "डोळे जातील एक दिवस" हे ठरलेलं. तोच मुलगा पहाटे सव्वापाचला तोंड धुऊन सोफ्यावर बसलेला दिसला की तिला भरून यायचं. चहा यायचा. वर, उठलाच आहेस तर दुधाची पिशवी आत घे.

खेळ म्हणाल तर युरोच सरस, त्यात वाद नको. २८ जूनची रात्र आठवा. आधी स्पेनने क्रोएशियाला ५-३ ने हरवलं. ते संपून पाणी प्यायला उठतोय तोवर फ्रान्स-स्वित्झर्लंड सुरू. ३-१ ने पुढे असलेल्या फ्रान्सची शेवटच्या दहा मिनिटांत ३-३ अशी गत झाली आणि टायब्रेकरमध्ये, म्हणजे पेनल्ट्यांच्या फैरीत, त्यांच्याच एम्बाप्पेची पेनल्टी अडली. एका रात्रीत चौदा गोल, तेही टायब्रेकर सोडून!

आणि कोपा? दहा संघ, पाच-पाचचे दोन गट, प्रत्येक गटातले चार संघ पुढे. म्हणजे वीस सामने खेळून घरी जाणार फक्त दोघं, बोलिव्हिया आणि व्हेनेझुएला. इतक्या ढिल्या परीक्षेत तर मीही पास झालो असतो. मैदानं बेक्कार, फाऊल ढीगभर, आणि कोरोनामुळे फायनलपर्यंत प्रेक्षक नाहीत. स्पर्धाच मुळी अर्जेंटिना आणि कोलंबियात व्हायची होती, ती ऐनवेळी ब्राझीलच्या गळ्यात पडली.

तरीही छाती धडधडायची ती पहाटेच. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की खेळाचा दर्जा काय होता असं कुणी विचारत नाही. पेठ कुठली, एवढंच विचारतात. कोपा म्हणजे तसं तालमींचं फुटबॉल. १९१६ पासून शेजारी-शेजारीच भांडताहेत. १९६० ला सुरू झालेली युरो त्यामानाने धाकटी, आणि शिस्तीची.

रिकाम्या स्टँडचा एक फायदा मात्र झाला. कोलंबियाविरुद्धच्या सेमीफायनलच्या टायब्रेकरला अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझ समोरच्याला काय काय बोलतोय ते टीव्हीवर चक्क ऐकू येत होतं. येरी मिनाला तो म्हणाला, बघ, तुला खातो! आणि खाल्लाच. मिनासकट तिघांच्या पेनल्ट्या अडवल्या. स्पॅनिश मला कळत नाही, पण तो सूर कळला. आमच्या गल्लीत पंच नसला की हाच सूर लागतो.

११ जुलै, रविवार, पहाटे साडेपाच. माराकाना स्टेडियम, कोपाची फायनल, ब्राझील-अर्जेंटिना. आमच्या मजल्यावरचे काका कट्टर ब्राझील, मी अर्जेंटिना; निर्बंधांमुळे ते त्यांच्या घरी, मी माझ्या. बाविसाव्या मिनिटाला आमच्या दे पॉलचा लांबलचक पास, ब्राझीलच्या लोदीचा पाय चुकला आणि आमच्या दी मारियाने त्यांचा गोलकीपर एडरसनच्या डोक्यावरून चेंडू अलगद आत टाकला. मी ओरडलो, पलीकडून भांडं आपटल्याचा आवाज आला. बाकी खेळ म्हणाल तर नुसती लाथाळी. पण १९९३ नंतर पहिल्यांदा अर्जेंटिना जिंकली. शिट्टी झाली तसा मेस्सी गुडघ्यांवर बसला, आणि नेमारच्या डोळ्यांतलं पाणी बघून आई म्हणाली, "अगं बाई, याला काय झालं?" आठच्या सुमाराला काकांनी दार उघडलं, माझ्याकडे न बघता पिशवी घेतली आणि दार लावलं.

त्याच रात्री साडेबाराला लंडनच्या वेम्बलीवर युरोची फायनल, इंग्लंड-इटली. ६७ हजार माणसं, दुसऱ्याच मिनिटाला इंग्लंडच्या ल्यूक शॉचा गोल, नंतर इटलीच्या बोनुचीची बरोबरी. सगळं भव्य. मी मात्र जांभया देत होतो. एका दिवसात माणूस किती वेळा धडधडणार? टायब्रेकर आला तेव्हा तीन वाजून गेले होते. आई पाणी प्यायला उठली ती ओरडायचं विसरून उभीच राहिली. इंग्लंडची शेवटची पेनल्टी घ्यायला साका आला.

"किती वर्षांचं आहे हे पोर?"

"एकोणीस."

"आणि त्याला शेवटी पाठवलं? मोठी माणसं कुठं गेली?"

इटलीचा गोलकीपर डोनारुम्माने चेंडू अडवला. इटली जिंकली. आई बराच वेळ त्या पोराकडेच बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"आता पहाटे कुठली मॅच?"

"कुठलीच नाही. दोन्ही संपल्या."

"म्हणजे उद्यापासून दूध मीच घ्यायचं," ती म्हणाली आणि दिवा घालवून आत गेली.