हायड्रो टेस्टमध्ये पाणीच का?

हायड्रो टेस्ट म्हणजे वेल्ड करून बनवलेले बंद भांडे किंवा पाइप पाण्याने भरून, त्यावर वापरातल्यापेक्षा जास्त दाब देऊन ते गळते का, हे पाहणे. भोसरी-चाकणच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये माल रवाना करायची तारीख तोंडावर आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "मॅडम, पाणी भरायचं, काढायचं, वाळवायचं, यात अख्खा दिवस जातो. कॉम्प्रेसर लावून हवेवरच टेस्ट उरकू या का?" विचारणारा फिटर कामात कच्चा नसतो, वेल्डची पारख त्याला माझ्याहून अधिक असते, मात्र भांड्यात कोंडल्या जाणाऱ्या ऊर्जेचा हिशेब त्याला कुणी मांडून दाखवलेला नसतो. तो येथे मांडते आहे.

पाणी दाबाखाली फारच थोडे आकुंचन पावते. एक घनमीटर पाण्यावर 10 बार दाब दिला, तर त्याचे आकारमान अर्ध्या लिटरहूनही कमी घटते आणि त्यात साठणारी ऊर्जा जेमतेम सव्वादोनशे ज्यूल भरते. त्याच भांड्यात तेवढ्याच दाबाची हवा असेल, तर भांडे फुटताना मोकळी होणारी ऊर्जा सुमारे 12 लाख ज्यूल, म्हणजे पाच हजार पट असते. पाण्याच्या टेस्टमध्ये वेल्ड उलला की चिळकांडी उडते आणि दाब तत्काळ कोसळतो. हवा मात्र प्रसरण पावत राहते, चीर पुढे फाडत नेते आणि पत्र्याचे तुकडे दूरवर फेकते. ज्या यंत्रणेत पाणी राहून चालत नाही किंवा जिच्या आधारांना पाण्याचे वजन पेलत नाही, तिच्यासाठी कोडमध्ये (बांधणी आणि तपासणीच्या नियमावलीत) हवेच्या टेस्टची तरतूद आहे. पण तीही टप्प्याटप्प्याने दाब वाढवत आणि माणसे दूर ठेवूनच करायची असते. वेळ वाचवणे हे कारण त्यात बसत नाही. पाण्याच्या टेस्टमध्येसुद्धा माथ्यावरच्या व्हेंटमधून (हवा बाहेर सोडायच्या तोंडातून) बुडबुडे थांबून पाण्याची अखंड धार येईपर्यंत पंपाला हात लावू नये, कारण आत अडकलेली हवा तोच धोका मागच्या दाराने आणते.

दाब किती द्यायचा, याबाबत आपल्याकडे 'डिझाइन दाबाच्या दीडपट' हे उत्तर सरसकट दिले जाते. एएसएमई या अमेरिकन अभियंता संस्थेच्या कोडमधल्या सेक्शन 8 डिव्हिजन 1 नुसार बनणाऱ्या प्रेशर व्हेसलसाठी (दाब सोसणाऱ्या भांड्यासाठी) 1999 च्या सुधारणेपासून हा गुणक 1.3 आहे, आणि डिझाइन तापमानाला धातूची ताकद कमी होत असेल तर त्या प्रमाणात तो दाब आणखी वाढवावा लागतो. प्रोसेस पाइपिंगच्या, म्हणजे कारखान्यातल्या पाइपलाइनच्या, बी 31.3 या एएसएमई कोडमध्ये मात्र मूळ गुणक आजही दीडपटच आहे. समजा, व्हेसलची टेस्ट 26 बारला करायची आहे, तर दाब दाखवणारे गेज 0 ते 60 बारचे योग्य ठरते. स्टोअरमध्ये हाताला लागले म्हणून 0 ते 250 चे गेज बसवले, तर एका बारची घट डोळ्यांना दिसणारच नाही.

मात्र गेजचा काटा स्थिर राहिला म्हणजे टेस्ट पास झाली, असे मानणे मला मुळीच पटत नाही. पाण्याने गच्च भरलेल्या बंद पाइपचे तापमान एका अंशाने बदलले तरी दाब काही बारने हलू शकतो. एप्रिलमध्ये उघड्या यार्डात सकाळी दाबून ठेवलेली लाइन दुपारी आपोआप दाब चढवते; तेवढ्या वेळात गॅस्केटमधून (जोडातल्या चकतीमधून) पाणी झिरपले तरी ती घट उन्हाच्या वाढीत लपून जाते. म्हणून टेस्ट सावलीत किंवा भल्या सकाळी घ्यावी, आणि निर्णय काट्यावर नव्हे, तर प्रत्येक वेल्ड व प्रत्येक फ्लँज (नट-बोल्टचा जोड) डोळ्यांनी पाहून द्यावा. व्हेसलच्या बाबतीत दाब टेस्टच्या पातळीवरून खाली आणल्यावरच जवळ जाऊन ही पाहणी करतात.

पावसाळ्यात या पाहणीची खरी कसोटी लागते. जमिनीखालच्या टाकीतले गार पाणी भरले की दमट हवेमुळे व्हेसलला बाहेरून घाम सुटतो आणि नॉझलच्या (भांड्याला पाइप जोडायच्या तोंडाच्या) वेल्डवरचा थेंब आतून आला की बाहेर जमला, हे कळेनासे होते. अशा वेळी पाणी शेडच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे. मग वेल्ड कोरड्या फडक्याने पुसावा, त्यावर खडू घासावा आणि टॉर्च तिरपा धरून पाहत राहावे. पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढे भोक, असेल तर पांढऱ्या खडूवर टाचणीच्या डोक्याएवढा ओला ठिपका उमटतो, पुसला तरी नेमका त्याच जागी पुन्हा उमटतो आणि हळूहळू खाली ओघळतो. घामाचा ओलावा असा एका बिंदूशी हट्ट धरत नाही, तो सगळीकडे सारखा पसरतो. ठिपका सापडला तर दाब पूर्ण उतरवून, पाणी काढून, वेल्ड खोदून नव्याने भरावा आणि टेस्ट पहिल्यापासून घ्यावी. दाब असताना नट आवळून गळती थांबवण्याचा मोह अनुभवी हातांनाही होतो, आणि तो तितकाच जीवघेणा आहे.

व्हेसल स्टेनलेस स्टीलचे असेल, तर बोअरचे पाणी तपासल्याशिवाय वापरू नये. क्लोराइडची मर्यादा बहुतेक ग्राहक 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग) ठेवतात. त्याहून जास्त क्लोराइडचे पाणी आत साचून राहिले, तर पुढे पिटिंग (धातूला पडणारे बारीक खड्डे) आणि तडे यांना आमंत्रण मिळते. टेस्ट संपल्यावर ड्रेन उघडण्यापूर्वी माथ्यावरचा व्हेंट उघडला आहे ना, हे स्वतः वर चढून पाहावे, कारण बंद व्हेंटखाली पाणी उतरू लागले की आत निर्वात तयार होतो आणि पातळ पत्र्याची टाकी आत चेपते. त्यानंतर तळाच्या नॉझलमध्ये साचलेले पाणी पुसून घ्यावे, आतून कोरडी हवा फिरवावी, आणि मगच तोंडे बंद करणारे ब्लाइंड फ्लँज लावून माल ट्रकवर चढवावा.