जानेवारीतला ‘एकच प्याला’

23 जानेवारी ही राम गणेश गडकऱ्यांची पुण्यतिथी. दरवर्षी त्या दिवशी आमचं नाट्यमंडळ शाळेच्या सभागृहात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मेळावा भरवतं. त्याच दिवशी नेताजींची जयंती असते, त्यामुळे सकाळचं ध्वजस्तंभाजवळचं संचलन, घोषणा आणि भाषणं आटोपली की मग मुलं आमच्या ताब्यात येतात. दीपप्रज्वलन, तसबिरीला हार, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ हे सगळं रीतसर होतं. त्याबद्दल वेगळं लिहावं असं काही नाही.

लिहावंसं वाटतं ते त्यानंतरच्या तीन तासांबद्दल. त्या तीन तासांत आम्ही गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक मुलांसमोर उलगडतो. पूर्ण प्रयोग नाही करत. निवडक प्रवेश, तेही मुलांनीच वाचलेले, मधेमधे थांबून, विचारत विचारत. दरवर्षी तेच नाटक का, असं मंडळातलेच काही जण अजून विचारतात. शाळेत दारूचं नाटक कशाला, असंही एकदा बैठकीत म्हणून झालं. मला दोन्ही आक्षेप कधी पटले नाहीत. समोरची मुलं दरवर्षी नवी असतात, आणि दारू कुठल्या घरात शिरते हे ती आपल्यापेक्षा जास्त जाणतात.

सुरुवात मी गडकऱ्यांपासून करते. गोविंदाग्रज या नावाने कविता आणि बाळकराम या नावाने विनोद लिहिणारा हा माणूस 1919 साली वयाच्या अवघ्या 33व्या वर्षी गेला, आणि त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं. सिंधू झाले बालगंधर्व, तिचा नवरा सुधाकर झाले गणपतराव बोडस. नाटककाराने तो प्रयोग पाहिला नाही, हे ऐकलं की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते. सिंधूचं काम पुरुषाने केलं होतं याचं मुलींना फार नवल वाटतं. त्याहून नवल वाटतं ते शालू-पैठण्यांसाठी नावाजलेल्या त्या नटाने या नाटकात ठिगळांचं लुगडं नेसल्याचं. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत, हेही मी आवर्जून सांगते. गुर्जरांचं नाव पुष्कळदा राहून जातं आणि मला ते खटकतं.

मंचावर आम्ही एक टेबल ठेवतो आणि टेबलावर एक रिकामा काचेचा प्याला. तो शेवटपर्यंत तिथेच असतो. मुलांना एवढंच सांगायचं की हा प्याला नाटकात कधी, कुणाच्या हातात आणि कोणत्या कारणाने येतो ते वहीत टिपा. पहिल्यांदा तो अपमान विसरायला येतो. सुधाकर हुशार वकील, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, मानी. मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते आणि दारुडा तळीराम प्याला पुढे करतो. शेवटी तोच प्याला विष घालून येतो. मधल्या प्रत्येक वेळचं कारण वेगळं असतं. मुलं ती कारणं एकाखाली एक लिहितात, आणि प्रतीक म्हणजे काय याची व्याख्या मला कधी सांगावी लागत नाही.

पूर्वसूचनेसाठी ‘लागे हृदयी हुरहुर’ हे पद. सिंधूचा संसार अजून सुखाचा आहे, काहीही बिघडलेलं नाही, आणि तिला हुरहुर लागली आहे. आमचे पेटीवाले काका ते पद आधी नुसतं वाजवतात, शब्दांशिवाय. मग विचारतात, “काय होणार आहे असं वाटतं?” आजवर एकाही मुलाने “चांगलं” असं उत्तर दिलेलं नाही.

तळीरामाच्या वेळी सभागृह हसून हसून लोळतं. आर्य मदिरा मंडळाची, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाची सभा वाचायला मुलांची चढाओढ लागते, आणि आजारी तळीरामाच्या उशाशी वैद्य आणि डॉक्टर भांडतात तो प्रवेश तर दोनदा वाचावा लागतो. इथे मी मुद्दाम थांबवते. हसलात ना, मग आता सांगा, हा माणूस कुठे निघाला आहे? सुधाकर ज्या वाटेवर आहे त्याच वाटेने तळीराम त्याच्या पुढे चालला आहे. गडकरी आपल्याला हसवत हसवत त्या वाटेचा शेवट दाखवून ठेवतात. शोकांतिकेतला विनोद प्रेक्षकाला दम खाऊ देतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं, ते खरंच आहे. पण गडकऱ्यांचा विनोद त्याहून जास्त काम करतो, आणि हे मुलांना स्वतःला दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी मी हा मेळावा सोडत नाही.

अ‍ॅरिस्टॉटल या ग्रीक विचारवंताचं शोकांतिकेबद्दलचं म्हणणं मी थोडक्यात आटोपते. नायक दुष्ट नसतो, मोठा असतो, त्याच्यात एक दोष असतो आणि त्या दोषापायी तो पडतो. मग सुधाकरचा दोष कोणता? बहुतेक मुलं आधी “दारू” म्हणतात. कुणीतरी एक “गर्व” म्हणतं आणि वाद सुरू होतो. आपल्या जुन्या संस्कृत नाटकात शेवट गोडच असायचा का, असाही प्रश्न हमखास येतो. तेव्हा भासाच्या ‘ऊरुभंगा’तला रंगमंचावर प्राण सोडणारा दुर्योधन सांगून मी पुढे जाते.

सुधाकर आपला मित्र रामलाल याच्यापुढे दारुड्याच्या आयुष्याचे टप्पे सांगतो ते भाषण मात्र घाईने वाचू देत नाही. मुलं आधी अडखळतात. गडकऱ्यांची वाक्यं लांब, अनुप्रासांनी भरलेली, एका श्वासात न मावणारी. आमच्या मंडळातले ज्येष्ठ नट मुलाला बाजूला घेऊन श्वास कुठे घ्यायचा तेवढंच दाखवतात, अभिनय शिकवत नाहीत. मग तोच मुलगा उभा राहतो, आणि स्वतःची अधोगती इतकी स्वच्छ दिसत असूनही थांबू न शकणारा माणूस समोर बोलू लागतो. एका वर्षी हे भाषण वाचणारा मुलगा मधेच थांबला, पुस्तक मिटलं आणि उरलेलं तोंडपाठ म्हणाला. ते त्याला पाठ आहे हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते का पाठ केलं होतं, हे मी त्याला विचारलं नाही.

तरी मला दरवर्षी हलवून सोडते ती सिंधूची जबानी. दारूच्या धुंदीत सुधाकरने मारलेल्या काठीने तान्हं मूल गेलं आहे, सिंधू जखमी होऊन मरणाच्या दारात आहे, आणि फौजदारासमोर ती नवऱ्याला वाचवायला खोटं सांगते, आपणच पडलो म्हणते. नाट्यगत उपरोध शिकवायला याहून चांगला प्रवेश मराठीत मला माहीत नाही. सभागृहाला सगळं ठाऊक, फौजदाराला काही ठाऊक नाही.

हे मुलांना नुसतं कळून भागत नाही, अंगावर यावं लागतं. म्हणून मंडळाने एक रीत पाडली आहे. फौजदाराचं काम करणारा मुलगा आधीच्या प्रवेशाच्या वेळी सभागृहात नसतो. त्याला शेजारच्या वर्गात बसवतात, नाटक वाचलेलं नसेल असाच मुलगा निवडतात. त्याला फक्त सांगतात, आत एक बाई जखमी आहे, काय झालं ते विचार आणि लिहून घे. तो खरोखरच काही न जाणता आत येतो. सगळं सभागृह त्याच्याकडे बघत असतं आणि कुणी त्याला काही सांगू शकत नाही.

एका वर्षीच्या फौजदाराने जबानी नीट लिहून घेतली, वही मिटली, आणि मग मंचावर पडलेल्या काठीकडे बोट दाखवून विचारलं, “मग ही काठी कुणाची?” हे संहितेत नव्हतं. सिंधू झालेली मुलगी नववीतली. तिने काठीकडे पाहिलं, फौजदाराकडे पाहिलं आणि म्हणाली, “घरातलीच आहे. मी तिलाच अडखळले.” पहिल्या रांगेतल्या एका आजींनी पदर तोंडाला लावला. मी पुढचं निवेदन करायला उठले खरी, पण आवाज फुटेना. तबलावाले दादा समजले आणि त्यांनी नुसताच ठेका धरला.

त्यानंतर चर्चा पेटते. सिंधूचा भाऊ पद्माकर तिला माहेरी न्यायला आला होता ना, मग ती गेली का नाही? ‘कशी या त्यजू पदाला’ हे पद मुलींना सुरेल वाटतं आणि त्याच वेळी त्यांना त्याचा राग येतो. तळीरामाची बायको गीता त्यांना जवळची वाटते, कारण ती गप्प बसत नाही, नवऱ्याला तोंडावर सुनावते. मंडळातल्या काही जुन्या सभासदांना सिंधूवर टीका झालेली आवडत नाही. मला आवडते. ज्या मुलीला सिंधूसाठी रडू येतं तिलाच तिचा राग येतो, आणि या दोन्ही भावना एकाच वेळी येऊ देणं शोकांतिकेलाच जमतं. ही शोकांतिका सुधाकरची की सिंधूची, यावर दरवर्षी हात वर करून मत घेतो. माझं मत सिंधूच्या बाजूचं आहे, पण ते मी शेवटीच सांगते.

या दिवसासाठी राबणाऱ्यांची नावं छापलेली त्यांना आवडत नाहीत, म्हणून कामानिशी लिहिते. पेटीवाले काका आणि तबलावाले दादा. पदं म्हणणाऱ्या मावशी, ज्या ‘चंद्र चवथिचा’ अंगाई म्हणावी तशीच म्हणतात, तान घेत नाहीत. श्वास शिकवणारे ज्येष्ठ नट. सिंधूच्या दळणाच्या प्रवेशासाठी आपल्या घरचं दगडी जातं दरवर्षी हातगाडीवरून पाठवणाऱ्या आजी, आणि ते जिन्यावरून चढवणारे शाळेचे शिपाईमामा. संहितेच्या प्रती स्वतःच्या खर्चाने काढणाऱ्या ग्रंथालयातल्या बाई. ध्वनिक्षेपकवाले भाऊ. पडदा ओढणारी दोन मुलं. सतरंज्या घालणारे आणि, जास्त महत्त्वाचं, त्या गोळा करणारे स्वयंसेवक. काठीच्या प्रश्नाला उत्तर देणारी ती मुलगी आता कॉलेजात आहे आणि दर जानेवारीला येऊन फौजदाराशेजारी वर्गात बसते, कुणी त्याला गोष्ट आधीच फोडू नये म्हणून. मुख्याध्यापक, ज्यांनी तीन तास कधी अडीच केले नाहीत. चहाची व्यवस्था पाहणाऱ्या काकू राहिल्या असत्या, त्यांचंही इथेच लिहिते. आणि वेशभूषेतलं ठिगळांचं लुगडं दरवर्षी धुऊन घडी घालून ठेवणाऱ्या वहिनी.

एक गोष्ट मनात सलते ती लिहायलाच हवी. आया येतात, आज्या येतात, शेजारच्या वाड्यांतल्या बायका येतात. वडील येत नाहीत. पाहुण्यांच्या सत्कारापुरते जे चार-पाच येतात ते हार घातला की उठतात, आणि सुधाकर बोलायला उभा राहतो तेव्हा त्यांच्या खुर्च्या रिकाम्या असतात. विश्वस्तांपैकीही जबानीपर्यंत थांबलेलं कुणी मला आठवत नाही. सुट्टी नाही, काम असतं, हे सगळं मी ऐकलं आहे. शाळेच्या क्रीडा महोत्सवाला मात्र हेच वडील पहाटे येऊन मैदानावर उभे असतात. ज्यांनी हे नाटक ऐकायला हवं असं मला वाटतं ते दारापर्यंत येऊन परत जातात, आणि त्यांची मुलं आत बसून त्या प्याल्याची कारणं वहीत लिहीत असतात.

म्हणून यंदाच्या बैठकीत ठरलं आहे की निमंत्रणपत्रिका पालक या नावाने काढायची नाही. ती वडिलांच्या नावाने काढायची, हाताने लिहायची, आणि सत्कार सगळ्यात शेवटी, जबानीनंतर ठेवायचा. पत्रिका लिहायचं काम मी घेतलं आहे. वाटायला मुलं आहेत.