तुम्ही विचारलंत म्हणून: साउथॅम्प्टनच्या परसातली वाडी

साउथॅम्प्टनमधल्या आमच्या घरी कोणी पहिल्यांदा आले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांनी मागची बाग पाहिली, की दोनांपैकी एक प्रश्न ठरलेला असतो. पाहुणे इंग्रज असतील तर ते विचारतात, की ही पामची झाडे हिवाळ्यात मरत कशी नाहीत. आणि गणपतीला आलेली आपली मंडळी असतील तर चपला काढता काढताच विचारतात, ‘काय हो, नारळ लागतात का?’ गेली वीस वर्षे मी या प्रश्नांची उत्तरे हातात चहाचा ट्रे धरून, घाईघाईत देत आले आहे. एकदा ती नीट बसून लिहावीत, असे आता वाटते.

नारळाचे आधी सांगून टाकते. नारळ लागत नाहीत, कारण ही झाडे माडाची नव्हेत. माडाला बाराही महिने ऊब लागते. पारा १० अंशांच्या खाली रेंगाळू लागला की तो कुढतो आणि हिम त्याला मुळीच सोसत नाही. म्हणून तर दिल्लीतही नारळाच्या वाड्या नाहीत, मग ५१ अंश उत्तर अक्षांशावरच्या या गावाचे काय सांगावे! तरीही, माहेर गुहागरचे असल्यामुळे, मी एकदा मोह केलाच. अर्धा नारळ मातीबाहेर दिसेल असे कुंडीत लावलेले रोप इथे घरात ठेवायचे झाड म्हणून विकतात. ते मी आणले, दिवाणखान्यात ठेवले, आणि रेडिएटरची कोरडी हवा व डिसेंबरमधला जेमतेम आठ तासांचा उजेड यांच्यात ते फेब्रुवारीपर्यंत कसेबसे टिकले.

बागेत जी उभी आहेत, ती मुख्यतः चुसान पामची झाडे आहेत. हा माडाच्या कुळातलाच, परंतु त्याची पाने झावळीसारखी लांब नसून ताडासारखी, उघडलेल्या पंख्यासारखी असतात, आणि खोड तपकिरी काथ्याने इतके गच्च लपेटलेले असते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कोणीतरी मुद्दाम बांधल्यासारखे वाटते. चीनमधले शेतकरी या काथ्याचे दोर वळत आणि पावसात पाठीवर घ्यायला त्याचेच आच्छादन करत. आमच्याकडे भातलावणीला इरले घेतात, त्याच कामाचे. हे झाड मूळचे चीनच्या डोंगराळ भागातले असल्यामुळे बर्फ त्याच्या ओळखीचा आहे. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने १८४९ मध्ये त्याची रोपे चीनहून इंग्लंडला पाठवली. त्यातले एक व्हिक्टोरिया राणीच्या आइल ऑफ वाइटवरच्या ऑस्बोर्न हाउसच्या बागेत लागले. इथून बोटीने तासाभरात तिथे जाता येते. वाड्यालगतच्या बागेत आजही ही झाडे पाहायला मिळतात. हाच फॉर्च्यून त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपे गुपचूप काढून हिमालयातल्या मळ्यांसाठी आणत होता. चहाची ती रोपे आली याच माणसाच्या हातून, आणि माझ्या खिडकीसमोरचे झाडही, ही गोष्ट मला पाहुण्यांना चहा देताना सांगायला आवडते.

आता पहिला प्रश्न, थंडीचा. त्याचे खरे उत्तर असे आहे, की माझे पहिले झाड थंडीने मेले नाही. ते माझ्या कोकणातल्या शहाणपणाने मेले.

२००४ सालच्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम संपल्यावर अर्ध्या किमतीत मिळाले म्हणून, मी कमरेएवढे चुसान पामचे रोप आणले. गुहागरच्या वाडीत वडिलांनी माड लावताना जे जे केलेले पाहिले होते, ते ते सगळे मी केले: खोल खड्डा काढला, तळाशी शेणखत घातले (घोड्याची लीद म्हणणे अधिक खरे), रोप जमिनीच्या पातळीपेक्षा थोडे खाली बसवले आणि भोवती सुबक आळे केले. आळे इतके छान झाले होते, की मी त्याचे छायाचित्र काढून घरी पाठवले. तो हिवाळा सौम्य होता, पारा उणे ४ अंशांच्या खाली गेला नाही, आणि रोपाच्या चिठ्ठीवर तर हे झाड उणे १५ अंशांपर्यंत तग धरते असे लिहिलेले होते. तरीही मार्चमध्ये पाने निस्तेज दिसू लागली. शेंड्यातून उभे राहणारे, अजून न उलगडलेले कोवळे पान, आपण केळीच्या बाबतीत ज्याला सुरळी म्हणतो ते, मी सहज धरून पाहिले, तर ते अलगद हातात आले. त्याच्या बुडाला कुजक्या मासळीसारखा वास होता. शेजारच्या आजोबांनी फावडे आणून झाड उपटायला मदत केली, तेव्हा खड्ड्याच्या तळाशी वीतभर पाणी साचलेले होते. इथली आमची माती चिकण. त्या मातीत मी चार महिने पाणी धरून ठेवणारे भांडेच खोदले होते.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. साउथॅम्प्टनमध्ये पडतो सुमारे ८००. कोकणच्या चौथाईएवढ्या पावसात झाड कुजून मरावे, हे मला तेव्हा पटतच नव्हते. पण कोकणातला पाऊस उबदार असतो. तो पडतो तेव्हा मुळे जागी असतात, पाणी पितात, पाने श्वास टाकतात, आणि जांभ्याच्या मातीतून उरलेले पाणी निथळून जाते. पुढे आठ महिने कोरडे जातात, म्हणून आळे करून पाणी धरावे लागते. इथला पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, आणि त्यातला हिवाळ्यातला वाटा नेमका अशा वेळी येतो जेव्हा जमीन गार असते, मुळे झोपलेली असतात आणि सूर्य इतका कलंडलेला असतो की दुपारीसुद्धा काही वाळत नाही. मुळांशी आणि शेंड्याशी थांबलेले थंड पाणी हाच इथला खरा शत्रू आहे. कोरडे राहिलेले झाड जी थंडी हसत काढते, तीच थंडी भिजलेल्या झाडाला मारते.

म्हणून दुसऱ्या वेळी मी आळ्याच्या उलट केले. जमिनीवर गुडघ्याएवढा उंचवटा केला, त्यात निम्मी माती आणि निम्मी बारीक खडी घातली, आणि झाड त्याच्या माथ्यावर लावले. हेही जूनमध्ये. गंमत अशी, की गुहागरलाही माड जूनमध्येच, मृगाचा पाऊस सुरू झाला की लावतात. महिना एकच, कारणे मात्र उलट. तिथे उन्हाळा संपून ओल येण्याची वाट पाहायची, इथे ओल ओसरून जमीन तापण्याची. पामच्या मुळांना नव्या मातीत शिरायला ऊब लागते. ऑक्टोबरमध्ये लावलेले झाड सात महिने नुसते कुंडीच्या आकाराच्या मुळांवर उभे राहते. तेव्हा हंगामअखेरच्या अर्ध्या किमतीला भुलू नका, एवढे मी प्रत्येकाला सांगते, आणि बहुतेक जण भुलतातच.

कोकणातले सगळेच शहाणपण मात्र टाकाऊ ठरले नाही. ‘माडाला एकच जीव, तो शेंड्यात,’ असे वडील म्हणत. आंब्याची फांदी तुटली तर दुसरी फुटते, कारण आंब्याच्या अंगाखांद्यावर डोळे असतात. माडाच्या आणि एकदांडी असणाऱ्या त्याच्या सगळ्या भाऊबंदांच्या खोडाला वाढीचा बिंदू एकच, तोही पानांच्या बेचक्यात खोल दडलेला. तो गेला की झाड गेले. गेंड्या भुंगा माडाच्या शेंड्यात शिरला की वडिलांचा जीव का उडत असे, ते मला इथे कळले. आमच्याकडे भुंगा नाही, पण बेचक्यात साचलेले पाणी गोठते, पेशी फुटतात, आणि थोडी ऊब आली की तिथे कुजणे सुरू होते. नारळावरचा ‘कोंब कुजणे’ हा रोग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हा धडा २०१० च्या डिसेंबरने फार स्पष्टपणे दिला. तो गेल्या शंभर वर्षांतला ब्रिटनमधला सर्वांत थंड डिसेंबर होता. आमच्या बागेतला तापमापक उणे ८ अंशांवर उतरला आणि बर्फ दिवसचे दिवस वितळला नाही. तेव्हा माझ्याकडे चुसानखेरीज एक कॅनरी बेटांवरचा खजुरासारखा मोठा पाम होता, आणि एक कॉर्डिलाइन. कॉर्डिलाइन म्हणजे इंग्लंडमधल्या टॉर्की या गावाच्या समुद्रकिनाऱ्याच्या चित्रांत दिसणारी ती ‘पामची झाडे’. ती मुळात पाम नव्हेतच, न्यूझीलंडहून आलेली वेगळ्याच कुळातली झाडे आहेत. जानेवारीत कॉर्डिलाइनचे खोड शिजलेल्या सुरणासारखे मऊ झाले आणि कॅनरीच्या पानांचा रंग वाळक्या पेंढ्यासारखा झाला. मी दोन्ही गेली असे समजून चालले होते. पण जूनमध्ये कॉर्डिलाइनच्या बुडातून चार कोंब फुटले, कारण पाम नसल्यामुळे त्याला बुडाशीही जीव होता. कॅनरीचा शेंडा गेला होता. मी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिली, आणि मग करवत घेतली. उंचवट्यावरच्या चुसानची फक्त दोन जुनी पाने करपली.

तेव्हापासून मी चिठ्ठीवरच्या अंशांच्या आकड्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात काटेरी बुंध्याचा एक बुटका पाम होतो. तो उणे २० अंशही सोसतो असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण त्याला तिथला घामाघूम करणारा उन्हाळा हवा असतो. आमच्याकडे जुलैत दुपारचे सरासरी तापमान २२ अंशांच्या आसपास असते. माझ्याकडे तो नऊ वर्षे जिवंत होता आणि नऊ वर्षांत वीतभर वाढला. थंडीत मरायचे नाही, हे एक. आणि गार उन्हाळ्यात वाढायचे, हे दुसरे. चुसान ही दोन्ही कामे करतो, म्हणून इंग्लंडच्या बागांत तो रुजला. कॅनडातले कॅलगरी आमच्याच अक्षांशावर आहे आणि तिथे हिवाळ्यात पारा उणे ३० पर्यंत जातो. आमच्यावर अटलांटिकवरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांची कृपा. त्या वाऱ्यांचा दुसरा प्रसाद म्हणजे वादळे, ज्यांत मोठ्या पंख्यांच्या चिंध्या होतात. म्हणून पश्चिमेच्या कुंपणाशी मी जपानमध्ये लावला जाणारा, लहान आणि ताठ पानांचा प्रकार लावला आहे. तो दिसायलाही मला अधिक आवडतो, पण हे झाले माझे.

हिवाळ्याची तयारी म्हणाल तर ती फार नाही. लहान झाडांची पाने नोव्हेंबरअखेर एकत्र करून, अंबाडा बांधावा तशी वर बांधते, आणि शेंड्यावर पाऊस पडू नये म्हणून चार काठ्यांवर पारदर्शक पत्र्याचे छप्पर घालते. बाजू मोकळ्या ठेवते. कडाक्याच्या चार-दोन रात्री फ्लीसचे पांढरे कापड गुंडाळते आणि सकाळी काढते. प्लास्टिकच्या पिशवीत झाड बांधून वसंतात उघडणारे लोक मी पाहिले आहेत. आत जे सापडते, ते पाहवत नाही. कोकणात माडाच्या रोपाला पहिली दोन वर्षे उन्हापासून झावळ्यांची सावली करतात, तशीच ही पावसाची सावली, असे मी आईला फोनवर समजावले तेव्हा ती बराच वेळ हसत होती. सुरळीवर आणि तिच्या शेजारच्या पानावर मी शाईच्या पेनाने एकाच रेषेत खूण करते. मार्चमध्ये सुरळीवरची खूण वर सरकलेली दिसली, की शेंडा जिवंत आहे असे समजायचे आणि छप्पर उतरवायचे. उन्हाळ्यात मात्र हात आखडता घ्यायचा नाही. चुसान खादाड आहे. लीद, कोंबडीखत आणि भरपूर पाणी मिळाले तर त्याचे खोड वर्षाला वीतभर उंच होते, आणि उपाशी ठेवले तर तो वर्षानुवर्षे तसाच बसून राहतो.

माझे एक झाड मात्र मी सगळ्यांना मुद्दाम दाखवते. कुमाऊंमध्ये, पिथौरागढजवळच्या थलकेदारच्या डोंगरावर, दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, तिथे चुसानचा एक सख्खा भाऊ होतो. बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्याला ताकिल हे नाव दिले. म्हणजे फॉर्च्यूनने आणलेला चहा ज्या कुमाऊंच्या मळ्यांत लागला, तिथल्याच डोंगरांत बर्फ सोसणारा पाम आधीपासून उभा होता. बाजारात ताकिल म्हणून विकली जाणारी पुष्कळशी झाडे निव्वळ चुसानच निघतात. माझे खरे आहे का, हे खोड वाढले की कळेल.

आणि पुन्हा नारळाकडे. चुसानमध्ये नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे असते. २०१६ च्या मे महिन्यात माझ्या उंचवट्यावरच्या झाडाला माशाच्या गाभोळीसारखी पिवळीधमक पोय (फुलोरा) आली, आणि ती मादी निघाली. कुंपणापलीकडे कुठेतरी नर असावा, कारण हिवाळ्यापर्यंत तिच्यावर वाटाण्याएवढ्या निळसर काळ्या फळांचे घोस लोंबू लागले. ती खाण्याजोगी नाहीत, पण पक्ष्यांना आवडतात, आणि पक्ष्यांमार्फत ती जातात कुठेही. स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागातल्या रानांत हे झाड इतके माजले, की २०२४ च्या सप्टेंबरपासून त्या देशात त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आमच्याकडे अजून ती वेळ आलेली नाही, तरी मी घोस वेळेवर कापते. तेवढ्यातूनही जी रोपे उगवतात, ती एकेका कुंडीत लावून ठेवते आणि ‘नारळ लागतात का’ असे विचारणाऱ्याला जूनमध्ये नेऊन देते. आळे करायचे नाही, एवढी एकच अट असते.