दोन नंबरची मतं

विधानसभेच्या मोजणीत यंत्राचं बटण दाबायचं आणि आकडा उतरवून घ्यायचा. शिक्षक मतदारसंघात अजून मतपत्रिका, जांभळं स्केचपेन आणि पसंतीक्रम, म्हणजे उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे आकडे. मी तहसीलमध्ये अव्वल कारकून. विधान परिषदेच्या त्या मोजणीला माझी सहायक म्हणून नेमणूक झाली होती.

सकाळ गठ्ठे बांधण्यात आणि अवैध मतं बाजूला काढण्यात गेली. मतदार सगळे मास्तर, तरी पेपर तपासल्यासारखी बरोबरची खूण करणारे निघालेच. कुणी अक्षरात ‘एक’ लिहिलेलं, एकाने तर झोकदार सही ठोकलेली. सगळी बाद.

वैध मतांच्या निम्म्यात एक मिळवला की कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं. 10,001 वैध असली तर 5,001. पहिल्या पसंतीत तिथवर कुणीच पोचलं नाही. मग बाद फेऱ्या. सर्वांत मागचा उमेदवार बाद करायचा, त्याचा गठ्ठा सोडायचा आणि प्रत्येक पत्रिकेवर 2 कुणापुढे आहे ते बघून त्या खणात टाकायची.

दुपारपर्यंत एकमेकांच्या हरकतींवर तुटून पडणारे दोन प्रतिनिधी होते. संध्याकाळी एकाचा उमेदवार बाद झाला, तसा दुसरा चहा घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसला. “तुमच्या लोकांनी दोन नंबर कुणाला दिलाय हो?” प्रचारात ज्यांना शिव्या घातल्या, त्यांच्या गठ्ठ्यातून याला जेमतेम चार पत्रिका येत होत्या. कुणाच्याच वाटेला न गेलेला तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार मात्र दर फेरीत वर सरकत होता. आघाडी असावी तर अशी, मतदारानेच कागदावर लिहून दिलेली! 2019 मध्ये राज्यात तीन पक्षांची आघाडी झाली ती निकालानंतर, मुंबई-दिल्लीतल्या बैठकांत.

पण तोही शेवटी बाद झाला, कारण ढीगभर पत्रिकांवर नुसता 1. ‘एक लिहा, पुढे काही लिहू नका’ हाच मोठ्या उमेदवारांचा प्रचार. ज्याच्यापुढे 1, तो गेला की पत्रिकाही संपली.

आमच्या नायब तहसीलदारांना स्पर्धापरीक्षेपासून राज्यशास्त्र पाठ. ते म्हणाले, “फिजीत हेच झालं. मूळ फिजियन आणि भारतीय वंशाच्या पक्षांनी एकमेकांची दुसरी पसंती मागावी म्हणून 1997 च्या घटनेत हीच पद्धत आणली. पण नुसत्या पक्षापुढे खूण केली तरी चालायची. पुढचा क्रम पक्षच ठरवून द्यायचा. बहुतेकांनी तेच केलं.”

पहाटे दोघंच उरले. कोटा एकालाही गाठता आला नव्हता. जास्त मतांचा विजयी.

“ऑस्ट्रेलियात कनिष्ठ सभागृहाला सगळ्यांपुढे क्रमांक लिहावाच लागतो, नाहीतर मत बाद,” साहेब म्हणाले.

“इथे तसं केलं तर अवैधचा ढीग कोण निस्तरणार?”

“तुझ्याच टेबलावर पाठवतो की!”