घुबडाच्या पोटातला सूर

आज दिवसभर डोक्यात मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या मातीच्या शिट्ट्याच आहेत. मेक्सिकोत कंपेचेच्या किनाऱ्यालगतचं हाइना बेट आणि बेलीझमधलं लुबांतून, दोन्हीकडे त्या भरपूर सापडल्या, साधारण इ.स. 600 ते 900 या काळातल्या. हाइनाला तर थेट थडग्यांतून. मला ओढ आहे ती प्राण्यांच्या आकाराच्या शिट्ट्यांची, आणि त्यांत घुबडाची. मायांच्या पुराणकथेत पाताळाच्या, म्हणजे शिबाल्बाच्या, राजांचे निरोप घुबडंच आणतात.

पुष्कळदा अशा वस्तूचं वर्णन ‘प्राण्याने सजवलेलं वाद्य’ असं केलेलं असतं. मला ते पटत नाही. प्राण्याचं पोट हेच वाद्य आहे. बासरीचा सूर छिद्राच्या जागेवर ठरतो. इथे बंद पोकळीतली सगळी हवा एकदम आकसते-फुलते, त्यामुळे हिशेब दोनच गोष्टींचा: पोकळी केवढी आणि एकूण उघडं क्षेत्र किती. बोटाने झाकायचं छिद्र छातीवर असो की खांद्यावर, फारसा फरक पडत नाही. म्हणून कारागिराला घुबड घुबडासारखं घडवता आलं. दोन छिद्रं सारखी असली तर तीन सूर, लहानमोठी असली तर चार. वरच्या सप्तकाची आशा मात्र सोडायची. जोरात फुंकलं की सूर जरासा चढतो आणि तुटतो.

आता करणीचं. चेहरा साच्यात दाबून निघतो, पोकळी आणि फुंकणी हाताने होते. म्हणून एकाच साच्यातली दोन घुबडं वेगळी बोलतात. खरी कसोटी शेपटीत, कारण फुंकायचं टोक तेच. तिथे साधारण 2 मिलिमीटर जाड आणि 8 रुंद चपटी काडी खुपसून हवेची वाट करायची, तिच्या टोकाशी 5-6 मिलिमीटरची चौकोनी खिडकी कापायची आणि खिडकीची पलीकडची कड तिरपी तासून धारदार करायची. मग काडी काढून फुंकायच्या टोकातून आत पाहायचं. धार त्या फटीच्या बरोबर मध्यावर आडवी दिसली पाहिजे. ती खाली राहिली तर हवा वरून निघून जाते आणि नुसती फुसफुस होते. वर राहिली तर सगळी फुंकर पोटात शिरते आणि शिट्टी मुकीच राहते. वाटेत मातीचा एक कण अडकला तरी आवाज घोगरा होतो.

बोटांची छिद्रं नंतर, माती चामड्यासारखी घट्ट झाल्यावर. आधी बारीक पाडायची, मग ऐकत ऐकत मोठी करायची. पण इथे जुळवलेला सूर टिकत नाही. वाळून-भाजून माती प्रत्येक बाजूने 10 टक्के आटली तर सूर सुमारे 11 टक्के चढतो. ओल्या मातीत सा लावला तर भट्टीतून जवळपास रे बाहेर येतो. ठरावीक सूर हवा असेल तर तेवढा आधीच उतरवून ठेवावा लागतो. छिद्रांचं आपसातलं नातं मात्र आटताना टिकतं, कारण सगळंच एका प्रमाणात लहान होतं.

भाजणं उघड्या जाळावर. माया प्रदेशातल्या मातीत पुष्कळदा कुटलेला कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, मिसळलेला असतो, त्यामुळे आच साधारण 650 ते 750 अंश सेल्सिअसमध्ये राखलेली बरी. फार कमी पडली तर माती पक्की होत नाही, पाण्यात विरघळते. 800 च्या पुढे गेली की कॅल्साइटचा चुना होतो. तो नंतर हवेतली ओल पिऊन फुगतो आणि धड निघालेल्या शिट्टीचे टवके काही दिवसांनी उडतात. धारेचा टवका गेला की आवाज संपला.

अस्सल जुनी शिट्टी तोंडाला लावू नये, असं मी ठामपणे म्हणेन. श्वासातली वाफ कमी भाजलेल्या मातीत मुरते. शिवाय हाइनाच्या मूर्तींवरचा निळा रंग भाजल्यानंतर दिलेला आहे, तो सहज सुटतो. आवाज ऐकायचा तर आतली मापं घेऊन प्रतिकृती करावी आणि ती हवी तेवढी वाजवावी.