खिद्रापूरला अर्धा तास ठेवून जाऊ नका

आमचा मूळ प्लॅन फक्त नरसोबाच्या वाडीचा. सासूबाईंचा नेमच आहे, वर्षातून एकदा वाडी होतेच. यावेळी मी म्हटलं पुण्याहून एवढं लांब आलोय तर खिद्रापूरचं कोपेश्वर पण करून येऊ, अर्धा तास लागेल फार तर. नवऱ्याने "अजून एक देऊळ?" असं तोंड केलं पण नेलं बिचाऱ्याने, आणि शेवटी तिथून हलायला तयार नव्हता तो हाच.

रस्त्याचं आधी सांगते. वाडीहून कुरुंदवाड, पुढे अकिवाट, सैनिक टाकळी करत खिद्रापूर. अंतर वीसेक किलोमीटर धरा, पण आम्ही गेलो डिसेंबरात म्हणजे ऊसतोडीचा हंगाम जोरात, पुढे डबल ट्रॉलीवाला ट्रॅक्टर आला की बसा मग त्याच्या मागे उसाची पाचट बघत. पाऊण तास लागला. सगळ्या ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर असतातच असं नाही, तेव्हा अंधार पडायच्या आत परत फिरा. स्वतःची गाडी नसेल तर कुरुंदवाडहून एसटी आहे पण परतीची गाडी कधी ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

गावातल्या साध्या घरांमधून जाताना इथे असं काही असेल असं वाटतच नाही. आत शिरलो की पहिलाच स्वर्गमंडप. गोल मंडप, ४८ खांब, आणि छताला मधोमध साधारण १३ फुटांचं गोल भोक, थेट आभाळ दिसतं. अर्धवट राहिलेलं नाही, मुद्दाम तसंच ठेवलेलं. खाली तेवढीच मोठी गोल दगडी शिळा आणि तिच्या कडेने बारा खांबांचं रिंगण. आता हे खांब नुसते बघून पुढे जाऊ नका, एका खांबापाशी खाली बसा. तळाला चौकोनी, वर जाता जाता अष्टकोनी होतो, मग गोल, आणि गोल भागात एकावर एक अशा बारीक कडा की लेथवर फिरवल्यासारख्या वाटतात. काळा दगड, पण काही ठिकाणी इतका चकाकतो की आमच्या धाकटीने त्यात बघून दात विचकून झाले. हे बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं काम.

आम्ही साडेअकराला तिथे होतो. उन्हाचा गोल शिळेवर न पडता बाजूला सरकून पडलेला. थोरला म्हणे, "बाबा, यांचं माप चुकलं का?" माप नाही चुकलं, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो म्हणून उजेड उत्तरेकडे सरकतो. कार्तिकी पौर्णिमेला मात्र मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र बरोबर या भोकावर येतो, ते बघायला खूप लोक जमतात. जायचं असेल तर गर्दीची तयारी ठेवून जा, लहान पोरं घेऊन मी तरी नाही जाणार.

सासूबाई इकडे नंदी शोधत होत्या. दोन फेऱ्या मारल्या, नंदी काही सापडेना. त्याची गोष्ट अशी सांगतात की सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली म्हणून नंदी इथे नाही, तो नदीपलीकडे कर्नाटकात येडूरला आहे. सती गेल्यावर शंकर कोपले म्हणून हा कोपेश्वर, आणि त्यांची समजूत काढायला विष्णू आले ते धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघांच्या दोन पिंडी शेजारी शेजारी आहेत. सभामंडपापासून आत चांगलाच अंधार, उंबरे उंच. सासऱ्यांना हात धरून न्यावं लागलं. मोबाईलच्या टॉर्चवर राहू नका, फोटो काढून काढून माझी बॅटरी नेमकी तिथेच संपली. छोटी बॅटरी बरोबर ठेवा.

बाहेरून फेरी मारायला विसरू नका, निम्मं देऊळ बाहेरच्या भिंतींवर आहे. खालच्या थरात सगळीकडून हत्ती, पाठीवर देव बसलेले. ९२ हत्ती आहेत म्हणतात, थोरला ६१ पर्यंत गेला आणि बहिणीने मध्येच हाक मारल्यावर विसरला, मग परत पहिल्यापासून. बऱ्याच हत्तींच्या सोंडा आणि मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत, ते बघून वाईट वाटतं. पण एका हत्तीच्या गळ्यातली घंटा अजून इतकी नीट आहे की तिची साखळीसुद्धा कडी कडी मोजता येते. दक्षिण दारापाशी यादवांच्या सिंघणदेवाचा शके ११३६ चा शिलालेख आहे, देवनागरीत. भाषा संस्कृत असल्यामुळे आम्हाला अक्षरं लागली, अर्थ काही लागला नाही.

ही फेरी उन्हाच्या आत करा. चपला बाहेर काढलेल्या असतात आणि बारानंतर दगड असा तापतो की पोरं नाचत होती. जाड मोजे असतील तर म्हाताऱ्या माणसांना द्या. जेवणाचं आणि बाथरूमचं वाडीतच आटपून निघालेलं बरं. गावात आदिनाथाचं जुनं जैन मंदिर पण आहे, आमची पोरं तोवर कंटाळली होती म्हणून धावतपळत बघितलं. पावसाळ्यात मात्र कृष्णेचं पाणी किती चढलंय ते विचारल्याशिवाय निघू नका, हा सगळा पुराचा पट्टा आहे, २०१९ ला काय झालं ते माहितीच आहे सगळ्यांना.

अर्ध्या तासाचे आमचे पावणेतीन तास झाले. परतताना वाडीत बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतली. बर्फी खुशाल न्या, बासुंदी न्यायची असेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरून आणा. आमची पिशवी सीटखाली फुटली, गाडीला अजून वास येतोय आणि सासूबाई अजून मलाच बोलतायत.